तारीख चुकलेल्यांचीही नोंद हवी



 राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली पुण्यालगत भोसरीत सुरू झाली. एचआयव्हीवरची औषधे वेळेवर सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ साली ज्या अभ्यासाने जगापुढे मांडले, त्यात पुण्यातली जोडपीही होती.

पण औषध गुणकारी आहे हे सिद्ध झाले, म्हणजे ते देशभर लागू पडले असे होत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू झाली. तेव्हा साधारणपणे रक्तातल्या सीडी४ पेशी दोनशेच्या खाली गेल्यावर गोळ्या मिळत. पुढे ही मर्यादा वाढत गेली आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू होऊ लागले. औषधेही बदलली: स्टॅव्हुडिन गेले, टेनोफोविर आले, आता डोल्युटेग्राविर आहे. या प्रत्येक बदलाने किती आयुष्ये वाढली, हे कळायचे तर तीच माणसे वर्षानुवर्षे नोंदीत राहायला हवीत. स्वित्झर्लंडने असा कोहॉर्ट १९८८ मध्येच उभारला. नेदरलँड्समध्ये साऱ्या एचआयव्ही उपचार केंद्रांच्या नोंदी एकत्र करून दरवर्षी देशाचा अहवाल निघतो.

आपल्याकडे प्रत्येक रुग्णाचे व्हाइट कार्ड आहे. वजन, सीडी४, उरलेल्या गोळ्या, पुढची तारीख, सारे त्यावर असते. माझा जीव अडकतो तो तारीख उलटून गेलेल्या कार्डात. बीडकडचे जोडपे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघते, मुकादम नेईल त्या कारखान्यावर कोप घालते. फोन लागत नाही. कार्डावर शेरा पडतो, ‘संपर्क नाही’. ते दुसऱ्या जिल्ह्यात गोळ्या घेत असतील, औषध सुटलेले असेल, किंवा दोघांपैकी एक दगावलेही असेल. मृत्यू या शेऱ्याखाली दडले तर आपले आकडे खोटे चांगले दिसतात. दुसरीकडे नियमित उपचार घेणारे त्यात गणले गेले तर तेच आकडे खोटे वाईट दिसतात. मग राष्ट्रीय कल म्हणून आपण जो आलेख काढतो, त्यावर धोरण कसे आखायचे?

म्हणून उन्हातान्हात घर शोधत जाणारी आउटरीच कार्यकर्ती मला संशोधकाइतकीच मोलाची वाटते. तिच्या मानधनाची आणि प्रवासखर्चाची तरतूद अशा कोहॉर्ट अभ्यासाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत असावी, असे माझे ठाम मत आहे. आणि हा शोध बोभाटा न करता व्हावा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहेच, पण शेजाऱ्यापाशी केलेली एक अजाण चौकशीही त्या घराचे गावातले जगणे अवघड करते.

परिषदेच्या या दोन दिवसांत आपापल्या एआरटी केंद्रातल्या तारीख चुकलेल्यांबद्दल मोकळेपणाने बोला, एवढी विनंती करतो आणि अध्यक्षांना उद्घाटन करण्याची विनंती करतो.