व्यसनमुक्तीचे उपचार आणि कामगार संघटनांचे कर्तव्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



कामगार वस्त्यांतून वारंवार घडणाऱ्या एका प्रसंगापासून या विषयाचा आरंभ करणे उचित ठरेल. वीस वर्षे रोज दारू पिणारा एक कामगार युनियनच्या सभेत सर्वांसमक्ष दारू सोडण्याची शपथ घेतो. टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या रात्रीपासून तो थेंबालाही शिवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, झोप उडते आणि रात्री त्याला आकडी येते. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे फिरताना दिसतात आणि तो घरच्या माणसांनाही ओळखेनासा होतो. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणतो, चोरून प्याला असेल. त्याला रुग्णालयात नेण्याचे मात्र कोणालाच सुचत नाही.

या माणसाने दिलेला शब्द पाळला होता आणि तो पाळल्यामुळेच त्याचे प्राण संकटात आले. दीर्घकाळ मद्यावर अवलंबून राहिलेले शरीर एकाएकी मद्यावाचून राहिले की जी भ्रमिष्टावस्था उद्भवते, तिला वैद्यकशास्त्रात ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. उपचाराविना ती प्राणघातक ठरू शकते. वेळीच उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. शपथ आणि उपचार यांच्यामधले हे अंतर प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. ते समजावून देणे हाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

व्यसन : दुर्गुण की रोग?

श्रमिकांच्या व्यसनाकडे केवळ नीतीच्या चष्म्यातून पाहण्याची भांडवली प्रवृत्ती जुनीच आहे. इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील १८४५ च्या ग्रंथात एंगल्सने दाखवून दिले की, कोंदट घरे, अनिश्चित रोजगार आणि शिणून गेलेली शरीरे यांतूनच मद्यपानाचा प्रसार होतो. आपल्याकडे पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीस विरोध केला. ईस्ट इंडिया कंपनीने तर अफूचा व्यापार हे साम्राज्याच्या महसुलाचे साधनच बनवले होते. आजही अबकारी महसुलावर अनेक राज्यांच्या तिजोऱ्या अवलंबून आहेत. उलटपक्षी राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेये व द्रव्ये यांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपवते.

परंतु समाजव्यवस्था बदलेपर्यंत रुग्णाने थांबावे, असे कोणताही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. व्यसनाची मुळे समाजात असली तरी त्याचा आघात माणसाच्या मेंदूवर आणि यकृतावर होतो. अनिवार ओढ, प्रमाणावरील ताबा सुटणे, तीच नशा येण्यासाठी अधिकाधिक मात्रा लागणे, बंद करताच त्रास होणे, अन्य कामांकडे दुर्लक्ष आणि हानी दिसत असूनही सेवन चालू राहणे, ही अवलंबित्वाची लक्षणे होत. एका वर्षाच्या अवधीत यांपैकी तीन वा अधिक लक्षणे एकत्र आढळली, तर तो रोग समजून उपचार करावे लागतात.

रोगाची व्याप्ती किती? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना मद्यामुळे मदतीची गरज आहे आणि सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर पूर्णतः अवलंबून आहेत. अफू, हेरॉइन व तत्सम पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख आहे. याच पाहणीत असे आढळले की, मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांना शिव्या मिळतात, शपथा मिळतात, गंडेदोरे मिळतात. वैद्य मिळत नाही.

पहिला टप्पा : शरीर सावरणे

उपचाराचा पहिला टप्पा म्हणजे मादक द्रव्य शरीरातून सुरक्षितपणे बाहेर काढणे. मद्याच्या बाबतीत कंप, घाम, मळमळ ही लक्षणे शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांतच सुरू होतात. आकडी बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. भ्रमिष्टावस्था साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उद्भवते. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड वा लोराझेपाम यांसारखी औषधे देऊन ती मात्रा क्रमाक्रमाने कमी करत नेतात. थायमिन, म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्व, हाही उपचाराचा अविभाज्य भाग आहे; त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून अशा रुग्णाला अशक्तपणा आला असे समजून नुसते ग्लुकोजचे सलाइन लावणे हा उपचार नव्हे.

सौम्य लक्षणे असलेल्या आणि घरी लक्ष द्यायला माणूस असलेल्या रुग्णावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरीही उपचार होऊ शकतात. ज्याला पूर्वी आकडी वा भ्रम झाला आहे, ज्याला यकृताचा, हृदयाचा वा अन्य गंभीर आजार आहे किंवा जो एकाकी आहे, त्याला मात्र दाखल करणेच इष्ट.

हेरॉइनचे, ज्याला मुंबईच्या वस्त्यांतून १९८० च्या दशकात ‘गर्द’ हे नाव पडले, गणित वेगळे आहे. ते बंद केल्यावर होणाऱ्या यातनांना व्यसनी लोक ‘टर्की’ म्हणतात. हाडे ठणकतात, जुलाब होतात, झोप येत नाही. एरवी धडधाकट असलेल्या प्रौढाच्या जिवाला या यातनांनी सहसा धोका नसतो. खरा धोका नंतर असतो. काही आठवडे दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि अशा वेळी जुन्याच प्रमाणात नशा केली तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. तुरुंगातून वा केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच सर्वांत घातक असतात. अतिमात्रेवर नॅलॉक्सोन हे प्रभावी उताराऔषध आहे. पण ते हाताशी असावे लागते.

दुसरा टप्पा : पुन्हा न घसरणे

शरीर शुद्ध झाले म्हणजे माणूस बरा झाला, ही सार्वत्रिक गैरसमजूत आहे. खरा उपचार येथून पुढे सुरू होतो आणि तो महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे चालतो.

या टप्प्यातील डायसल्फिरम या औषधाचा इतिहास कामगारांच्या आयुष्याशी निगडित आहे. १९३७ मध्ये अमेरिकेतील रबर-रसायनांच्या उद्योगातील एका डॉक्टरांनी नोंद केली की, विशिष्ट रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांना मद्य सहनच होत नाही. पुढे १९४० च्या दशकात डेन्मार्कमधील संशोधकांनी त्याच वर्गातील द्रव्याचा मद्याविरुद्ध औषध म्हणून उपयोग केला. हे औषध घेणाऱ्याने मद्य घेतले की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. म्हणूनच ते रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या तपासणीनंतरच द्यावयाचे असते. नवऱ्याच्या भाजीत गुपचूप मिसळण्यासाठी ज्या पुड्या विकल्या जातात, त्यांच्या नादी लागणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ होय. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे निराळ्या रीतीने कार्य करतात. पहिले मद्याचा आनंद व ओढ कमी करते, दुसरे मद्य सोडलेल्याला दूर राहण्यास साहाय्य करते.

हेरॉइनच्या बाबतीत ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन या औषधांनी केलेला दीर्घकालीन उपचार आज सर्वाधिक भरवशाचा मानला जातो. मेथाडोनचा पद्धतशीर उपयोग १९६० च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. भारतात सुईने नशा करणाऱ्यांना एचआयव्हीपासून वाचवण्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने असे उपचार उपलब्ध केले आणि पंजाबात ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांमधून ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन देण्यास आरंभ झाला. ‘एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन’ असा आक्षेप यावर घेतला जातो. परंतु ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली औषध घेणारा मनुष्य कामावर जातो, सुईपासून दूर राहतो आणि अतिमात्रेच्या मृत्यूपासून वाचतो. मधुमेही इन्शुलिन घेतो म्हणून त्याला कोणी व्यसनी म्हणत नाही.

औषधांच्या जोडीला समुपदेशन हवे. कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कोणत्या दुःखात हात बाटलीकडे जातो हे रुग्णाने स्वतः ओळखणे आणि त्या क्षणासाठी दुसरा मार्ग तयार ठेवणे, हे त्याचे सार आहे. गांजासारख्या द्रव्यांच्या बाबतीत, जेथे खास औषध सिद्ध झालेले नाही, तेथे समुपदेशन हाच मुख्य उपचार ठरतो.

हे काम केवळ मानसोपचारतज्ज्ञच करू शकतात असे नाही. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्वसामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनवले. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. तीन महिन्यांनी, असे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते; ते न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. पूर्णतः अवलंबून असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. त्यांना अधिक उपचार लागतात. परंतु आजार बळावण्यापूर्वी काय करता येते, हे त्यावरून स्पष्ट होते.

सहवासाचे सामर्थ्य

१९३५ मध्ये अमेरिकेतील अक्रन शहरात सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा आज भारतातील अनेक शहरांतून भरतात. तेथे वर्गणी नाही. मद्य सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. त्यांच्या बारा पायऱ्यांतील ईश्वराच्या उल्लेखामुळे काही कॉम्रेड्स तिकडे जाण्यास कचरतात. ज्याच्या मनाला ते पटत नाही त्याच्यावर सक्ती असू नये. परंतु ज्याचा त्यामुळे जीव वाचतो आहे त्याची टिंगलही होऊ नये. त्या सभांचे खरे बळ, त्याच वाटेने गेलेला दुसरा माणूस रात्री अपरात्री भेटतो, यात आहे.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ने मराठी मुलखात हाच धडा घालून दिला. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य त्या कार्याला लाभले. तमिळनाडूत चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानने मंजक्कुडी या खेड्यात १९८९ पासून शिबिरे भरवून, गावातच, गावकऱ्यांच्या सहभागाने उपचार होऊ शकतात हे दाखवून दिले. बंगळूरुची निम्हान्स, चंदीगडची पी. जी. आय. आणि गाझियाबाद येथील राष्ट्रीय केंद्र या सार्वजनिक संस्थांतून व्यसनांवर उपचार केले जातात.

मात्र व्यसनमुक्तीचा फलक लावलेले प्रत्येक ठिकाण विश्वासार्ह नसते. मारहाण, साखळदंड, उपासमार यांना उपचार म्हणणारी केंद्रेही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्यांशी निगडित मानसिक अवस्था आपल्या कक्षेत घेतल्या आहेत आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. रुग्ण पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : केंद्राची नोंदणी आहे काय? डॉक्टर नियमित येतात काय? घरच्यांना भेटू देतात काय? घरी परतल्यावर पाठपुरावा करतात काय? एकाही प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर तेथून परत फिरावे.

अटकेच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की, १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनीसेवा विनामूल्य आहे.

संघटनेचे कर्तव्य

यातून कार्यकर्त्यांसाठी काही ठोस कामे निष्पन्न होतात. रोज पिणाऱ्याला शपथ देण्यापूर्वी त्याच्यासोबत डॉक्टरकडे जावे. उपचाराच्या काळात त्याची रजा आणि नोकरी शाबूत राहावी यासाठी व्यवस्थापनाशी भांडावे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि कामगार विमा रुग्णालयांत ही औषधे व समुपदेशक विनामूल्य मिळावेत, ही मागणी वेतनवाढीच्या मागण्यांच्या यादीत घालावी. त्याच्या पत्नीकडे स्वतंत्रपणे जाऊन तिची हकिकत ऐकावी. मारहाण होत असेल तर तिची व मुलांची सुरक्षितता प्रथम. रोग हे मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही.

आणि तो पुन्हा घसरला तर? पुष्कळजण घसरतात. रक्तदाबाचा रुग्ण गोळ्या चुकवतो आणि त्याचा आजार उलटतो, तसेच हे आहे. त्या वेळी त्याचे नाव यादीतून खोडणे सोपे असते. परंतु उपचार कुठे तुटला, औषध संपले होते की काम सुटले होते, की संध्याकाळी बसायला गुत्त्यावाचून जागाच नव्हती, याचा शोध घेऊन त्याला पुन्हा डॉक्टरकडे नेणे हे संघटनेचे काम आहे.

आरंभी ज्याचा उल्लेख केला, तो कामगार प्रत्येक शाखेच्या आसपास आहे. पुढच्या वेळी तो शपथ घेण्यासाठी उभा राहील, तेव्हा टाळ्या जरूर वाजवाव्यात. परंतु सभा संपताच दोघा कॉम्रेड्सनी त्याला रुग्णालयात न्यावे आणि तिसऱ्या दिवसाची रात्र त्याच्या उशाशी बसून काढावी.