तरुणांविषयीची भाषा आणि तरुणांचे हक्क



'युवक हे देशाचे भविष्य आहेत' हे वाक्य उत्तरपत्रिकेत आपण सर्वांनीच कधी ना कधी लिहिलेले असते. वाक्य गौरवाचे असल्यामुळे त्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. मला आज त्यातील 'भविष्य' या शब्दाविषयीच बोलायचे आहे. भारतीय आईवडिलांच्या पोटी भारतात जन्मलेले मूल जन्माच्या दिवसापासून या देशाचे नागरिक असते. घटनेच्या अनुच्छेद १४ व २१ चे संरक्षण त्याला सज्ञान होण्याची वाट न पाहता मिळते. मग १७ वर्षांचा विद्यार्थी 'उद्याचा नागरिक' कसा ठरतो? 'पोरकट', 'उथळ', 'हल्लीची पिढी' ही दूषणे निदान उघड असतात. स्तुतीच्या आड असलेला पूर्वग्रह ओळखणे त्याहून कठीण असते.

मताधिकाराचेच उदाहरण घ्या. अनुच्छेद ३२६ मध्ये मतदाराचे किमान वय मुळात २१ वर्षे होते. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ वर आणले आणि २८ मार्च १९८९ पासून ही दुरुस्ती अमलात आली. एवढे तुम्हांला पाठ असेल. परंतु त्या विधेयकासोबतचे उद्देश व कारणांचे निवेदनही वाचून पाहावे. आजचा युवक साक्षर आहे, जाणता आहे, राजकीयदृष्ट्या सजग आहे, अशी कारणे तेथे दिलेली आहेत. हेतू निःसंशय चांगला होता. तथापि, कोट्यवधी निरक्षर प्रौढांना मताधिकार देताना आपल्या घटनेने कोणाकडेही जाणतेपणाचा दाखला मागितला नव्हता. अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी मात्र तो जोडावा लागला, आणि तोही वडीलधाऱ्यांच्या सहीचा!

भाषेचा परिणाम सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांच्या बाबतीत. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमात १६ वर्षांखालील मुलगा व १८ वर्षांखालील मुलगी यांना संरक्षण होते. पण अपराध केलेल्या मुलाला लावलेले विशेषण 'अपराधी' याच अर्थाचे होते. मराठीत आपण त्यालाच 'बालगुन्हेगार' म्हणत आलो. २००० च्या अधिनियमाने मुलगा व मुलगी दोघांसाठी १८ वर्षे ही एकच मर्यादा ठेवली आणि शब्दही बदलला. मराठी शासकीय व्यवहारात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' ही संज्ञा रूढ झाली. शब्द बोजड आहे, हे मान्य करावेच लागेल. पण 'गुन्हेगार' हा शब्द मुलाचे सारे अस्तित्व सांगून मोकळा होतो, तर 'संघर्षग्रस्त' हा त्याची त्या वेळची अवस्था सांगतो. अवस्था पालटू शकते, हेच तर बाल न्यायाचे गृहीतक आहे.

२०१५ चा अधिनियम, जो १५ जानेवारी २०१६ रोजी अमलात आला, आणखी एक पाऊल पुढे गेला. त्याच्या कलम ३ मधील मूलभूत तत्त्वांत, बालकाविषयीच्या प्रक्रियेत आरोप करणारे किंवा कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, असे तत्त्वच समाविष्ट आहे. भाषेविषयी इतकी स्पष्ट अपेक्षा आपल्या कायद्यांत क्वचितच आढळते. परीक्षार्थींनी हे कलम आवर्जून पाहावे, आणि सोबत कलम १५ ही पाहावे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतरच्या लोकक्षोभाच्या पार्श्वभूमीवर याच अधिनियमाने १६ ते १८ वयोगटातील मुलावर, किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या घोर गुन्ह्यांत, प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट खुली केली. त्यासाठी बाल न्याय मंडळ मुलाच्या शारीरिक व मानसिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन करते. एकाच कायद्यात भाषा मृदू झाली आणि तरतूद कठोर झाली. या विसंगतीकडे डोळेझाक करून केवळ नव्या संज्ञांचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही.

संज्ञा बदलली की जुना अर्थ नव्या शब्दात झिरपतो, हाही अनुभव आहे. वृत्तपत्रांतील चोरीच्या बातमीत 'दोन विधिसंघर्षग्रस्त बालके ताब्यात' असे छापून येते, तेव्हा बहुतेक वाचक मनात 'बालगुन्हेगार' असेच वाचतात. निरीक्षणगृहाला लोक अजून 'रिमांड होम'च म्हणतात. कलम २४ अन्वये, प्रौढाप्रमाणे खटला चाललेल्या मुलांचा अपवाद वगळता, दोष सिद्ध झाल्यामुळे बालकाला पुढील आयुष्यात कोणतीही अनर्हता प्राप्त होत नाही. गावात किंवा वस्तीत चिकटलेल्या नावावर मात्र या कलमाची मात्रा चालत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकार केला. तिच्या अनुच्छेद १२ नुसार, स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबीत आपले मत मांडण्याचा बालकाला हक्क आहे, आणि वय व परिपक्वता पाहून त्या मताला वजन द्यावयाचे आहे. ज्याला आपण आधीच 'नादान' ठरवले, त्याचे मत ऐकण्याची गरज कोणाला वाटणार?

तुमच्यापैकी काही जण लवकरच पोलीस सेवेत दाखल व्हाल. बालकाला ताब्यात घेतल्यावर त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला भरावा लागतो. त्यात 'उनाड, वाईट संगतीचा' असे दोन शब्द लिहून काम उरकता येते. किंवा 'आठवीत शाळा सुटली, वडील हयात नाहीत, गॅरेजमध्ये काम करतो' असेही लिहिता येते. बाल न्याय मंडळापुढे हाच कागद ठेवला जातो.