परसातल्या कांद्यावरची कीड



आपल्या महाबळेश्वर तालुक्याचे नाव स्ट्रॉबेरीसाठी. कांद्याचा मोठा बाजार खाली लोणंदला. तरी आपल्या घरामागे कांद्याचे एक-दोन वाफे असतात. पात भाजीला होते, झुणक्यात पडते, उन्हाळ्यात चार कांदे घरचे मिळतात. आज आपण या दोन वाफ्यांविषयीच बोलणार आहोत.

इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेवढ्या पाण्यात कांदा टिकत नाही. म्हणून आपण दिवाळीनंतर रोपे लावतो. माघ संपत आला, ऊन तापू लागले, हवा कोरडी झाली, की पातीवर पांढरे चंदेरी ठिपके दिसतात. पात वाकडी होते, शेंड्याकडून वाळते. कोणी म्हणते पाणी कमी पडले, कोणी म्हणते दृष्ट लागली. खरे कारण म्हणजे फुलकिडे. दुकानदार त्यांनाच थ्रिप्स म्हणतो.

हा किडा जेमतेम एक मिलिमीटरचा, पिवळसर. तो उघड्यावर बसत नाही. पात जिथून फुटते त्या बेचक्यात दडतो. पात खरवडतो आणि रस पितो. रस गेला की गड्डा पोसत नाही, सुपारीएवढाच राहतो. शिवाय त्या ओरखड्यांतून जांभळा करपा शिरतो, तो निराळाच.

किडा ओळखायचा कसा? आम्ही शाळेच्या बागेत मुलांना एक युक्ती दाखवीत असू. पांढरा कागद खाली धरायचा आणि रोप त्यावर हलकेच झटकायचे. कागदावर बारीक रेघा चालू लागतात! दहा-पाच दिसले तर घाबरू नये. ढालकिडे त्यांना खातात. एका रोपावर तीसच्या घरात गेले, तर मात्र हात हलवायला हवा.

आता मुख्य गोष्ट. संध्याकाळी स्ट्रॉबेरीवर फवारणी होते. पंपात तांब्याभर औषध उरते. घरधनी म्हणतो, “फुकट कशाला घालवायचं? मार त्या कांद्यावर.” आणि दुसऱ्या दिवशी घरातली बाई तीच पात खुडून भाजीत घालते! बाजारचा कांदा आपण सोलून खातो. घरची पात सोलता येत नाही, सबंध पोटात जाते. लहान मुलेही ती कच्ची खातात. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की पंपातले उरलेले औषध परसात आणूच नये.

बाटलीवर एक रंगीत चौकोन असतो. तो बघायला फार अक्षरे लागत नाहीत. लाल म्हणजे सर्वांत जहाल. त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धास्त असे मात्र नव्हे, बरं का! तेही विषच, जोर कमी इतकेच. कोणत्या पिकावर मारायचे आणि मारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, हेही सोबतच्या कागदावर छापलेले असते. आपले भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. तेव्हा हा कागद आपल्याला वाचता यायलाच हवा. रिकाम्या बाटलीत तेल किंवा रॉकेल भरू नये, हे सांगायला नकोच.

मग परसात काय करावे? पहिले औषध पाणी. दर तीन-चार दिवसांनी सकाळी झारीने बेचक्यात जोराने पाणी सोडावे. पुष्कळ किडे वाहून जातात. पावसात हा किडा कमी का असतो, ते यावरून समजेल.

दुसरे औषध निंबोळीचे. कडुनिंब आपल्या डोंगरावर नीट वाढत नाही, पण माण-खटावकडे भरपूर. तिकडचे पाहुणे येताना पिशवीभर वाळलेल्या निंबोळ्या आणायला सांगावे. पन्नास ग्रॅम बिया कुटून फडक्यात बांधाव्या आणि रात्रभर पाण्यात भिजत घालाव्या. सकाळी पिळून, गाळून ते पाणी एक लिटर करावे. कांद्याची पात मेणचट, तिच्यावर पाणी ठरत नाही. म्हणून त्यात चिमूटभर साबण विरघळवावा. ऊन उतरल्यावर फवारावे. पात खायची तर चांगली धुवून घ्यावी.

एकदा फवारून भागत नाही. मादी अंडी घालते ती पातीच्या आत. तिथे पाणी पोचत नाही आणि औषधही नाही. त्यांतून पिल्ले निघतात. मोठी झाली की ती मातीत उतरतात, तिथे पंख फुटून पुन्हा वर येतात. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत हा फेरा पुरा होतो. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे, आणि मधून मधून खुरप्याने माती हलवावी.

युरियाची मूठ मात्र आवरावी. त्याने पात हिरवीगार, कोवळी होते आणि किड्यांना मेजवानी मिळते. लसूण आणि कोबी कांद्याला लागून नको, हाच किडा तिथेही नांदतो. राजगुरुनगरला कांदा-लसणाचे सरकारी संशोधन केंद्र आहे. कांदा लावण्याआधी महिनाभर भोवती मका पेरावा, असे तेथील शास्त्रज्ञ सांगतात. हा किडा उडतो थोडा, वाऱ्यावर वाहतो जास्त. मक्याची भिंत त्याला अडवते, आणि आपल्याला कणसेही मिळतात!

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या वाफ्यातले एक रोप कागदात गुंडाळून आणावे. किडे आपण इथेच मोजू. आणि घरी औषधाची बाटली असेल, तर तिच्यावरच्या चौकोनाचा रंग बघून यावे.