सही केली म्हणजे कबूल केलं?



हक्काची सुट्टी मोडून तुम्ही इथे मेलबर्नात जमलात, म्हणून आधी तुमचे आभार. आज एका जुन्या माणसाची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात माझ्यापासून करतो.

इथल्या पहिल्या वर्षी मी एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासत होतो. मालकाने कागद पुढे केला. ताशी दर कायद्यापेक्षा कमी, शनिवार-रविवारचा जादा दर नाही. मी सही केली. पुढे पैसे मागितले तेव्हा तो हसून म्हणाला, "सही तूच केलीस ना? मी काय बंदूक लावली होती?" मला उत्तर सुचलं नाही. ते उत्तर मला नंतर विल्यम थॉम्पसन या आयरिश माणसाच्या विचारांत सापडलं.

गंमत बघा, हा माणूस मजूर नव्हता. १७७५ साली कॉर्क शहरातल्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरात तो जन्मला. वडील शहराचे महापौर होऊन गेलेले. १८१४ मध्ये वडिलांची इस्टेट त्याच्याकडे आली. आपल्या कोकणातल्या खोतासारखंच, कुळांनी राबायचं आणि याने खंड घ्यायचा. त्याला ते बोचलं. १८२७ च्या आपल्या पुस्तकावर त्याने लेखकाचं नावच घातलं नाही. 'आळशी वर्गातला एक' एवढंच छापलं. आयता खाणारा मी, हे त्याने स्वतःच कबूल केलं.

त्याआधी, १८२४ मध्ये, संपत्तीच्या वाटपावर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. प्रश्न साधा होता: सगळं कष्टकरी निर्माण करतो, मग तोच गरीब का? हाच प्रश्न १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये आपल्या कुणब्याबद्दल विचारला. थॉम्पसनने तीन नियम मांडले. श्रम स्वखुशीचे हवेत. श्रमाचं फळ श्रम करणाऱ्याला मिळायला हवं. आणि देवाणघेवाणही स्वखुशीची हवी. कार्ल मार्क्सने पुढे या ग्रंथाचा उल्लेख केला. जेम्स कॉनोलीने तर थॉम्पसनला पहिला आयरिश समाजवादी म्हटलं.

यातला 'स्वखुशी' हा शब्द नीट धरा. एकाच्या घरी कोठार भरलेलं आणि दुसऱ्याची चूल विझलेली, तर त्या दोघांच्या सौद्याला स्वखुशीचा म्हणायचं का? व्हिसा मालकाच्या हातात, गावी कर्जाचा हप्ता, खोलीचं भाडं शुक्रवारी. अशा वेळी 'हो' म्हणणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय असते का? सोय नसेल तर तो होकार कसला?

ही कसोटी त्याने घरातही लावली. १८२५ मध्ये ॲना व्हीलर या मैत्रिणीच्या विचारांतून त्याने स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं. लग्नाला करार म्हणता, पण त्याच्या अटी एकाच बाजूने ठरवल्यात, असं त्याने ठणकावलं. बायकोच्या व्हिसावर किंवा नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्यांनी हेही घरी जाऊन बोलावं.

उपाय काय? कष्टकऱ्यांनी एकत्र येऊन जमीन, अवजारं, भांडवल स्वतःच्या मालकीचं करायचं. रॉबर्ट ओवेन श्रीमंतांच्या मदतीची वाट बघत होता, थॉम्पसनचा भरवसा कामगारांवर होता. १८३३ मध्ये तो वारला. बरीचशी इस्टेट त्याने सहकारी चळवळीला लिहून दिली होती, पण नातेवाईक कोर्टात गेले. वर्षानुवर्षं खटला चालला आणि तो पैसा चळवळीपर्यंत पोहोचलाच नाही.

विचार मात्र थांबला नाही. याच मेलबर्नात २१ एप्रिल १८५६ रोजी विद्यापीठाच्या बांधकामावरच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि संसद भवनावर मोर्चा नेला. आठ तासांचा दिवस त्यांनी पगार न कापता मिळवला. ट्रेड्स हॉलजवळ तीन आठांचा खांब आहे, तो त्याचीच आठवण. एकट्या पाथरवटाला 'नाही' म्हणता आलं नसतं. सगळ्यांनी मिळून म्हटलं, म्हणून जमलं.

आज कायदाही थॉम्पसनच्या बाजूला थोडा सरकलाय. १ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं. किमान दरापेक्षा कमीवर तुम्ही सही केली तरी ती सही तुमचा हक्क काढून घेत नाही. व्हिसाची भीती घालून कामाच्या अटी मान्य करायला लावणं १ जुलै २०२४ पासून गुन्हा आहे. जाणूनबुजून पगार कमी देणं १ जानेवारी २०२५ पासून गुन्हा आहे. थकलेले पैसे सहा वर्षांपर्यंत मागता येतात.

पण कायदा स्वतःहून तुमच्या किचनमध्ये येत नाही. म्हणून तीन कामं करा. रोजचे तास स्वतःच्या वहीत लिहा आणि पेस्लिप जपून ठेवा. युनियनमध्ये या. फेअर वर्कला १३ १३ ९४ वर फोन करा, दुभाषी मिळतो. आणि आपली भिशी आहेच, तिच्यातला थोडा पैसा अडीनडीला बाजूला ठेवा. दोन आठवड्यांचं भाडं हाताशी असलं की 'नाही' म्हणायला जोर येतो.

माझ्या त्या मालकाला आज मी सांगितलं असतं: बंदूक नव्हती साहेब, पण दुसरा रस्ताही नव्हता. तो रस्ता आपण एकमेकांसाठी तयार करायचा, एवढंच सांगायला आलो होतो.