वनपिंगळ्याचा पत्ता

पहाटेच्या अंधारांत कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणारा पिंगळा आपल्यांतील वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. ज्या पक्ष्याचें नांव त्याला मिळालें, तो पिंगळा मात्र फारच थोड्यांनीं नीट न्याहाळलेला असतो. वास्तविक हें मैनेएवढें लहानसें घुबड आपलें शेजारी आहे. जुन्या वाड्याच्या भिंतींतील भोंकांत किंवा चिंचेच्या ढोलींत तें राहतें. त्याचा कलकलाट कानीं पडला म्हणजे आपण शुभाशुभाची चर्चा करतों. पण त्याच्या डोक्यावर ठिपके असतात कीं नसतात, असें कोणीं विचारलें तर निरुत्तर होतों. आजचें माझें भाषण ह्या ठिपक्यांविषयीं, आणि ते पाहून टिपून ठेवणाऱ्याच्या वहीविषयीं आहे.

घराजवळच्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर स्पष्ट पांढरे ठिपके असतात. त्याचाच एक भाऊबंद वनपिंगळा. ह्याचा माथा जवळजवळ कोरा, पाठ एकरंगी तपकिरी आणि छातीही गडद. पंखांवर व शेपटीवर मात्र रुंद पांढरे पट्टे असतात, आणि पायांवर पांढऱ्या पिसांचें दाट आवरण असतें. दुरून पाहिल्यास दोघांत भेद करणें सोपें नाहीं.

१८७२ सालीं ब्लूइट नांवाच्या गृहस्थांनीं मध्य भारताच्या पूर्व भागांत हा पक्षी प्रथम मिळविला. पुढल्याच वर्षीं ॲलन ह्यूम ह्यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लूइट ह्यांचें नांव दिलें. पुढें खानदेशांत मुलकी अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन ह्यांना तो सातपुड्याच्या बाजूच्या रानांत आढळला. १८८४ नंतर मात्र वनपिंगळा जणूं नाहींसाच झाला. त्याचे सारे मिळून सात नमुने तेवढे संग्रहालयांच्या खणांत राहिले.

त्यानंतरची म्हणून एकच नोंद मानली जात होती. १९१४ सालीं तापीकांठच्या मांडवी येथें आपणांस वनपिंगळा मिळाला, असें रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानें आपल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहून ठेविलें होतें. नांव मोठें, संग्रह भारदस्त. शंका कोणीं घ्यावी? पुढें सलीम अली आणि डिलन रिप्ले ह्यांच्यासारख्या जाणत्या पुरुषांनीं वनपिंगळ्याचा शोध केला. परंतु तो कोणाच्याही दृष्टीस पडला नाहीं. पक्षी नामशेष झाला, असें पुष्कळांस वाटूं लागलें.

श्रोतेहो, पुढची हकीकत एखाद्या गुप्तहेराच्या कथेंत शोभावी अशी आहे. पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ विदुषींनीं आपले सहकारी नायजेल कॉलर ह्यांच्यासह हे जुने नमुने पुन्हां बारकाईनें तपासले. तेव्हां असें दिसून आलें कीं, मांडवीचा म्हणून ठेविलेला पक्षी मुळीं मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसन ह्यांनीं पूर्वीं मिळविलेला एक नमुना संग्रहालयांतून लांबवून, तो उसवून नव्यानें भरला होता आणि त्याला नवी चिठ्ठी बांधली होती. पण प्रत्येक संग्राहकाची पक्ष्याचें कातडें भरण्याची एक हातोटी असते. डेव्हिडसन ह्यांच्या हातोटीच्या खुणा त्या कातड्यांत शिल्लक राहिल्या होत्या, आणि त्यांनींच अखेर साक्ष दिली.

मांडवीचें नांव असें बाद झाल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ सालीं भारतांत आले. पूर्वेकडील जुन्या ठिकाणीं ते प्रथम हिंडले. तेथें कांहीं हातीं लागलें नाहीं. तेव्हां ते डेव्हिडसन ह्यांच्या खानदेशांत आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं, एका पर्णहीन झाडावर एक लहानसें घुबड उन्हांत बसलेलें त्यांना दिसलें. माथा कोरा होता. पाय पांढऱ्या पिसांनीं झांकलेले होते. ११३ वर्षांनीं वनपिंगळा पुन्हां भेटला होता. एका चिठ्ठीनें लोकांना फसविलें, दुसरीनें पक्ष्याच्या दारापर्यंत नेलें. दोन्ही चिठ्ठ्या दिसावयास सारख्याच होत्या.

ही गोष्ट सांगतांना दुसऱ्याच्या पदरीं दोष बांधून मी मोकळा होऊं इच्छीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं सातपुड्यांतील एका सागाच्या रानांत मी मित्रांसह वनपिंगळा पाहण्यास गेलों होतों. दोन दिवस पायपीट झाली. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं एक पिंगळा फांदीवरून उडाला. मला त्याची पाठ व शेपूट क्षणभर दिसली. डोकें दिसलें नाहीं. मुक्कामीं मंडळी वाट पाहत होती. मीं वहींत लिहिलें, ‘वनपिंगळा, एक.’ सर्वांना आनंद झाला, चहा झाला, अभिनंदन झालें. रात्रीं मात्र झोंप येईना. मीं पाहिली होती शेपूट. माथा पाहिला होता तो माझ्या इच्छेनें. सकाळीं उठून त्या नोंदीवर रेघ मारली आणि खालीं लिहिलें, ‘पिंगळा, एक; माथा दिसला नाहीं; जात अनिश्चित.’ मित्रांना तसें सांगतांना जी लाज वाटली, तिच्याइतकें शिक्षण मला कोणत्याही ग्रंथानें दिलेलें नाहीं.

एवढ्या बारकाव्यानें काय साधतें, असें कोणी विचारील. वनपिंगळा विरळ, मोकळ्या सागवानी रानांत राहतो आणि दिवसाउजेडीं शिकार करतो. असलीं रानें शेतीसाठीं आणि सरपणासाठीं तुटत आहेत. ज्या रानांत तो आहे अशी विश्वासार्ह नोंद नाहीं, तें तोडतांना त्याच्यासाठीं कोणाचाही हात अडखळत नाहीं. १९९७ नंतर मेळघाटांत, यावलच्या रानांत तो आढळला. २०१४ सालीं तर सातपुड्याच्या पुष्कळ दक्षिणेस, मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यांत तो दिसला. अशा नोंदींवरूनच त्याची स्थिति अधिक नीट कळूं लागली, आणि २०१८ सालीं त्याचें नांव जागतिक यादींतील ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गांतून ‘संकटग्रस्त’ वर्गांत आलें. धोका टळलेला नाहीं. पण पत्ता ठाऊक असलेल्याचेंच रक्षण करतां येतें.

आतां तर मोबाइलवरून केलेली नोंद क्षणांत जगभर पोंचते. खरी पोंचते, तशीच खोटीही पोंचते. म्हणून आपणांपैकीं जे कोणी ह्या छंदाकडे वळतील, त्यांना माझी विनंती एवढीच आहे. दुर्बीण नसली तरी चालेल. एक लहान वही व पेन्सिल जवळ असूं द्या. दिवस, वेळ आणि जागा जागच्या जागीं लिहा, घरीं येऊन नव्हे. काय दिसलें तें लिहा, आणि काय दिसलें नाहीं तेंही लिहा. पुस्तकांतील चित्र नोंद केल्यावर पहा, आधीं नव्हे. प्रश्नचिन्हाची लाज बाळगूं नका. आणि आरंभ सातपुड्यांत जाऊनच करावयास हवा असें नाहीं. आज सायंकाळीं गल्लींतील चिंचेखालीं उभे रहा. पिंगळा बाहेर येईल. त्याच्या डोक्यावरचे ठिपके स्वतः पहा, आणि दिसले तरच लिहा.