पिलांचे फाकलेले पाय

भिवंडी म्हटली की यंत्रमागांची खडखड आधी आठवते. परंतु तालुक्यातील पडघा, वज्रेश्वरीकडच्या गावांतून भातशेतीच्या जोडीला परसातल्या कोंबड्याही घरखर्चाला हातभार लावीत असतात, आणि एकविसाव्या दिवशी कवच फोडून बाहेर आलेले पिलू दोन्ही पाय दोन बाजूंना फाकवून पोटावर पडून राहिले, की ‘हे काही जगायचे नाही’ असे म्हणून ते टाकून देण्याचा जो प्रघात आहे, त्याविरुद्ध मला आज आग्रहाने बोलावयाचे आहे.

या व्यंगाचा उगम पुष्कळदा पिलाच्या रक्तात नसून त्याच्या पायांखालीच असतो. खोक्यात गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरले, की अशक्त पाय त्यावर ठरत नाहीत, घसरतात आणि तसेच वळतात. म्हणून तळाशी खरखरीत गोणपाट घालावे. उबवणी यंत्रातील उष्णताही साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास राहील असा बंदोबस्त हवा. इलाज मात्र पहिल्या एकदोन दिवसांत, हाडे कोवळी आहेत तोवरच, व्हावयास पाहिजे. भिवंडीत सुती चिंधीला काय तोटा! बोटाच्या निम्म्या रुंदीची मऊ पट्टी घेऊन, पायाच्या मधल्या सांध्याखाली, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी अशी गुंडाळावी की पाय अंगाखाली येतील आणि पिलाला लहानसे पाऊलही टाकता येईल. पंजा सुजला वा काळवंडला, तर गाठ तत्काळ सैल करावी. एरवीही ती रोज सोडून नव्याने बांधावी, कारण पिलू झपाट्याने वाढते. या काळात त्याला वेगळे ठेवावे, अन्यथा इतर पिले टोचून हैराण करतात. बहुधा तीनचार दिवसांत ते उभे राहते.

बोटे आत मुडपली असतील, तर रिबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा संशय घ्यावा. ते मिळावे म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांच्या आहारात लसूणघास असावा. मधला सांधा सुजून त्यावरची कंडराच बाजूला सरकली असेल, तर मामला गंभीर. मँगनीजची उणीव हे त्याचे एक ठळक कारण असून नुसत्या मक्यावर पोसलेल्या पक्ष्यांत ती संभवते, भाताच्या कोंड्यात मात्र ते द्रव्य विपुल असते. अशी पिले क्वचितच सुधारतात, आणि त्यांना यातनेत खितपत ठेवणे ही दया नव्हे.

एकाच खेपेत तीनचार पिले अशी निघाली, तर खाद्याचा नमुना आणि एखादे पिलू घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. यात हयगय करू नये.