दहावीनंतरची शाखा आणि आईबापांचा सल्ला

दहावीचा निकाल हातांत पडला कीं बहुतेक घरांत एकच प्रश्न ऐकूं येतो: आतां पुढें काय? प्रश्न मुलाला विचारलेला असतो. परंतु उत्तर देण्यासाठीं चुलता, मामा, शेजारचे निवृत्त मास्तर आणि शिकवणीवर्गांच्या जाहिराती असे सारेच पुढें सरसावतात. ज्याला शिकावयाचें आहे तो मात्र बहुधा कोपऱ्यांत गप्प बसलेला असतो. आठ-दहा दिवसांत प्रवेशाचा अर्ज भरून टाकला जातो, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचें किंवा मुलीचें पुढील आयुष्य कोणत्या रोखानें जावयाचें याचा निकाल परीक्षेच्या निकालाहूनही घाईनें लागतो.

नागपूरजवळचें कन्हान हें गांव या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. नागपूरपासून सुमारें वीस किलोमीटरांवर, आपल्याच नांवाच्या नदीच्या कांठीं, हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तें वसलेलें आहे. नदीपलीकडे कामठीची १८२१ सालची छावणी, अलीकडे पारशिवनी तालुक्यांतील कोळशाच्या खाणी, आणि उत्तरेकडे गेलें कीं मनसरचें मँगनीज. या मुलखांत एक पिढी अशी होऊन गेली कीं, शाखा निवडण्याचा प्रश्न तिच्यापुढें फारसा आलाच नाहीं. कोळशाच्या खाणी १९७३ सालीं राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. १९७५ सालीं वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी निघाली आणि तिचें मुख्य ठाणें नागपूरला आलें. खाणींत, रेल्वेंत किंवा छावणींत एकदां नांव लागलें म्हणजे पगार, क्वार्टर आणि दवाखाना यांची चिंता मिटे. अंगमेहनत, शिस्त आणि चार माणसांची ओळख एवढ्या भांडवलावर पुष्कळांनीं संसार उभे केले, मुलें शिकविलीं, मुलींचीं लग्नें केलीं.

त्या पिढीचे लोक आज आईबाप व आजीआजोबा आहेत. त्यांचा सल्ला प्रामाणिक असतो, यांत शंका नाहीं. परंतु तो ज्या अनुभवावर उभा आहे, तो काळ सरलेला असतो. आज कोळसा उपसण्याचें बरेंचसें काम उघड्या खाणींतून यंत्रांनीं होतें, आणि त्या कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरमनला खाणकामाची पदविका व परीक्षा देऊन मिळविलेलें प्रमाणपत्र लागतें. ‘माझ्यासारखाच हाही कोठें तरी चिकटेल’ असें म्हणणाऱ्या बापाला हें ठाऊक असतेंच. पण मुलाच्या शाखेचा विचार करतांना तें आठवत नाहीं.

हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. १९२९ सालीं हार्टोग समितीनें बजावलें होतें कीं, सारी शाळा मॅट्रिकच्या एका परीक्षेकडे तोंड करून बसली आहे, आणि मधल्या इयत्तांपासूनच कांहीं मुलांस उद्योग व व्यापाराकडे वळविलें पाहिजे. संयुक्त प्रांतांतील सुशिक्षितांच्या बेकारीचा विचार करण्यासाठीं १९३४ सालीं नेमलेल्या सप्रू समितीनें तीच तक्रार केली. १९३७ सालीं ॲबट आणि वुड या दोन इंग्रज तज्ज्ञांनीं धंदेशिक्षणावर स्वतंत्र अहवालच लिहिला. पुढें १९५२-५३ सालच्या मुदलियार आयोगानें मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान असे अभ्यासाचे सात गट सुचविले. गंमत अशी कीं, २०१६ पासून कांहीं वर्षें महाराष्ट्रांत दहावीच्या मुलांची जी कलचाचणी घेण्यांत आली, तिच्यांतही क्षेत्रें सातच होतीं. गृहविज्ञान जाऊन आरोग्यविज्ञान व गणवेशधारी सेवा आल्या, इतकाच काय तो मोठा फरक. अनेक घरांत त्या चाचणीचा कागद गुणपत्रिकेच्या खालीं ठेवला गेला आणि तेथेंच राहिला.

मधल्या काळांत एक गोष्ट मात्र बदलली. पूर्वीं अकरावी मॅट्रिक होऊन मूल कॉलेजांत जाई, आणि निवड त्यानंतर होई. १९७५ सालीं नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा झाली आणि ही निवड एका वर्षानें अलीकडे आली. सोळाव्या वर्षीं आवड बदलती असते. पण गणित सोडल्याचा परिणाम बदलत नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांत शाखाशाखांमधील भिंती नकोत असें म्हटलें आहे खरें, तथापि कनिष्ठ महाविद्यालयांतील प्रवेश मुख्यतः कला, वाणिज्य व विज्ञान या तीन दारांनीं होत आले आहेत. तेव्हां या दारांचा स्वभाव आईबापांनीं नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

विज्ञानाची बारावी झालेला विद्यार्थी पुढें कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीस जाऊं शकतो. कलेची बारावी झालेल्यास विज्ञानाच्या पदवीकडे वळतां येत नाहीं. विज्ञानांतही पुन्हां पोटभेद आहेत. वैद्यकीसाठीं पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र लागतें. अभियांत्रिकीसाठीं जीवशास्त्राच्या जागीं गणित. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या भूदल विभागास कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र नौदल व वायुदल यांसाठीं पदार्थविज्ञान, रसायन व गणित हवें. कामठीच्या छावणीकडे पाहत वाढलेल्या कित्येक मुलांस हा भेद बारावीनंतर कळतो. त्या प्रबोधिनीचें दार २०२२ पासून मुलींनाही उघडलें आहे, हेंही सर्व घरांत पोंचलेलें नाहीं. कायद्याचा पांच वर्षांचा अभ्यास किंवा हिशेबतपासनिसाची सनद यांना मात्र शाखेचें बंधन नाहीं.

कामठीचेंच एक उदाहरण येथें घेण्यासारखें आहे. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे कामठीचे व्यापारी. मँगनीजच्या खाणींत त्यांनीं मोठी संपत्ति मिळविली. १९३० सालीं, मृत्यूपूर्वीं केलेल्या इच्छापत्रानें त्यांनीं सुमारें पस्तीस लाख रुपयांची मालमत्ता नागपूर विद्यापीठास दिली. हेतु हा कीं, उपयोजित विज्ञान व रसायन यांचें शिक्षण येथल्या मुलांस मिळावें. त्या काळचे पस्तीस लाख म्हणजे केवढी रक्कम! देऊळ, धर्मशाळा, घाट हीं त्या काळच्या श्रीमंतांचीं नेहमींचीं दानें. या गृहस्थांनीं प्रयोगशाळा मागितली. १९४२ सालीं लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली, आणि २०२३ सालीं तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेल, रंग, कागद, अन्नपदार्थ यांच्या रसायनतंत्राचें शिक्षण तेथें मिळत आलें आहे. कन्हानच्या मुलाला ती संस्था बसनें एका तासाच्या आंतबाहेर. पण ज्यानें सोळाव्या वर्षीं गणित टाकलें त्याला ती फार दूर आहे. त्याच मातींतून निघालेल्या पैशानें बांधलेल्या इमारतीवरून तो रोज जाईल, आणि आंत मात्र त्याला जातां येणार नाहीं.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, दारें मोकळीं ठेवावयाचीं तर सर्वांनाच विज्ञानांत घालावें. हा सल्ला दिसण्यांत शहाणपणाचा आहे आणि त्यानेंच सर्वांत अधिक नुकसान झालें आहे. ज्या मुलाला इतिहास, भाषा, चित्र किंवा हिशेब यांत गति आहे, त्याला दोन वर्षें पदार्थविज्ञानाशीं झुंजावयास लावलें तर दार उघडें राहतें खरें, पण तो उंबरठ्यावरच थकून बसतो. बारावीला जेमतेम गुण, वर मनांत आपण कशालाच लायक नाहीं अशी समजूत, आणि मग शेवटीं कलाशाखेंतच प्रवेश, तोही हरल्यासारखा. त्यांत नागपूरच्या मोठ्या शिकवणीवर्गांची भर. महाविद्यालयांत नांव तेवढें असावें व मुलानें दिवसभर वर्गांतच बसावें, असा सौदा पुष्कळ ठिकाणीं चालतो. कन्हानहून पहांटे निघालेला मुलगा रात्रीं परततो. दोन वर्षांत त्यानें प्रयोगशाळेंतील परीक्षानळी किती वेळां हातांत धरली, हें बापानें एकदां विचारून पाहावें. फी मात्र बापाला पाठ असते.

उलट, एका वाटेकडे सुशिक्षित घरें उगीचच नाक मुरडतात. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका घेतां येते, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटर किंवा इलेक्ट्रिशियन यांचा दोन वर्षांचा अभ्यास पुरा केलेला मुलगाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षास जाऊं शकतो. म्हणजे ज्याला हातांत पाना धरल्यावर बुद्धि सुचते, त्याला पदवीपर्यंत जाण्याची वाट बंद नाहीं. ती थोडी निराळ्या अंगानें वर चढते एवढेंच. रेल्वे, खाणी आणि कोराडी-खापरखेड्याचीं वीजकेंद्रें यांच्या शेजारीं राहणाऱ्या लोकांनीं तरी या वाटेला कमी लेखूं नये. परंतु ‘आमचा आय. टी. आय. ला आहे’ हें वाक्य पाहुण्यांपुढें हळू आवाजांत बोललें जातें, आणि तो हळू आवाज मुलाच्या कानांपर्यंत बरोबर पोंचतो.

मुलींच्या बाबतींत शाखा ठरविणारा पुष्कळदां अंतराचा हिशेब असतो. जवळच्या महाविद्यालयांत जी शाखा असेल ती तिची आवड, असें घरानें आधींच ठरविलेलें असतें. गाडी, बस, संध्याकाळचा अंधार या काळज्या खऱ्या आहेत. त्यांस हंसून चालणार नाहीं. मात्र त्या काळज्या आहेत असें तिला उघडपणें सांगावें. ‘तुला कलाच बरी’ असें सांगून अंतराची अडचण तिच्या बुद्धीच्या माथीं मारूं नये. अडचण उघड मांडली तर मैत्रिणींसह पास काढण्याचा, वसतिगृहाचा किंवा मावशीकडे राहण्याचा मार्ग निघूं शकतो. बुद्धीवर ठपका आला म्हणजे पुढचें बोलणेंच खुंटतें.

तर मग आईबापांनीं करावें काय? प्रथम, ‘तुला कोण व्हावयाचें आहे?’ हा प्रश्न कांहीं दिवस बाजूस ठेवावा. सोळा वर्षांच्या मुलाजवळ त्याचें उत्तर नसतें. असलें तर तें बहुधा मित्राकडून उसनें घेतलेलें असतें. त्यापेक्षां लहान, रोजचे प्रश्न उपयोगीं पडतात. कोणत्या विषयाचा अभ्यास कोणी न सांगतां होतो? कोणता गृहपाठ शेवटपर्यंत टाळला जातो? समजा, मुलगी म्हणाली, “बाबा, मला गणित नको.” बापानें लगेच रागावूं नये किंवा मान डोलावूंही नये. “पोरी, नववीपर्यंत तर तुला गणित आवडे,” एवढेंच म्हणून थांबावें. “तेव्हां निराळ्या बाई होत्या, बाबा,” असें उत्तर आलें, तर तिचें भांडण गणिताशीं नाहीं, शिकविणाऱ्याशीं आहे, हें दोघांनाही कळतें. शिकविणारा दोन वर्षांत बदलतो. सोडलेला विषय परत येत नाहीं. पण ती जर म्हणाली कीं, उदाहरण सुटलें तरी मला त्यांत आनंद वाटत नाहीं, तर तें ऐकून घेतलें पाहिजे. हें बोलणें निकालाच्या दिवशीं होऊं शकत नाहीं. त्या दिवशीं घरांत एक तर पेढे असतात, नाहीं तर अश्रु. जानेवारी-फेब्रुवारींत, जेवणें झाल्यावर, सहज म्हणून तें व्हावयास हवें.

आणखी एक. मुलास त्या त्या धंद्यांतलें माणूस दाखवावें. वकील, परिचारिका, सर्वेक्षक, बँकेंतील कारकून, खाणींतील ओव्हरमन, अशा कोणाजवळ अर्धा तास बसूं द्यावें, आणि त्यांच्या कामांतील कंटाळवाणा भाग कोणता हें विचारावयास सांगावें. गौरवाच्या गोष्टी सर्वच सांगतात. कंटाळा सोसवेल कीं नाहीं यावर निवड टिकते.

दहावींत एक-दोन विषय राहिले तरी सारें संपलें असें नाहीं. पुरवणी परीक्षा आहे, आणि दोन विषयांपर्यंत राहिलेल्यास अकरावींत तात्पुरता प्रवेशही मिळत आला आहे. हें ठाऊक नसल्यामुळें घाबरलेल्या घरांनीं मुलाला घाबरविलें, असे प्रसंग दरवर्षीं घडतात.

राहिली अर्जाची गोष्ट. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यांत एकाच ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले. नागपूर शहराबाहेरचें कन्हानही त्यांत आलें. अर्जांत दहापर्यंत महाविद्यालयांचीं नांवें पसंतीच्या क्रमानें देतां येतात. पहिल्याच पसंतीचें महाविद्यालय लागलें तर तेथें प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांना मुकावें लागतें. म्हणून पहिल्या ओळींतील नांव सायबर कॅफेवाल्यानें सुचविलें म्हणून भरूं नये. अर्ज मुलानेंच भरावा, शेजारीं आईबाप बसलेले असावेत. आणि त्याआधीं एखाद्या दिवशीं बापलेकीनें किंवा मायलेकानें त्या महाविद्यालयांत खरोखरच जाऊन यावें. ज्या गाडीनें रोज जावें लागेल त्याच गाडीनें जावें, प्रयोगशाळेला कुलूप आहे कीं काय तें पाहावें, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही विचारावें कीं, दुपारीं येथें वर्ग भरतात काय.